तळटीप : ‘चेंबर म्युझिक’साठी ‘बैठक’ का?

बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्याच्या या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या ‘चेंबर म्युझिक’ला ‘बैठक’ म्हटले आहे, ‘वाद्यवृंद’ नव्हे. वाद्यवृंदात एकच ओळ अनेकजण मिळून वाजवतात. इथे प्रत्येक भागाला एकच वादक, आणि छडी घेतलेला संचालक नाही. पहिला व्हायोलिनवादक श्वास घेऊन मान किंचित उचलतो, तीच सुरुवातीची खूण. तबलजीही समेवर येताना गवयाच्या मानेकडे असाच डोळा ठेवून असतो. चेंबर म्युझिकमध्ये लिहिलेली स्वरलिपी, बैठकीत उपज, हा आक्षेप रास्तच. त्याहून वजनदार आक्षेप असा की चेंबर म्युझिकच्या चौकडीत (क्वार्टेटमध्ये) चौघे बरोबरीचे, तर बैठकीत एक मुख्य आणि बाकीचे साथीला. जुगलबंदीने तो थोडा बोथट होतो, पुरता फिटत नाही. तरीही ‘चेंबर’ हा शब्द मुळात रचनेचा नव्हे, खोलीचा आहे. आणि खोलीपुरते गाणे म्हटले की मराठी कानाला बैठकच आठवते. (‘कक्षसंगीत’ कोशात शोभेल.)

विद्यापीठात संगीत ही गोष्टही या मुलखाला परकी नाही. मैकल रांगेपलीकडच्या खैरागडला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले, तेव्हा नागपूर, बालाघाट आणि खैरागड एकाच मध्य प्रदेशात होते. अवघ्या अठरा दिवसांनी विदर्भ मुंबई राज्यात गेला. पुढे भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर तिथे कुलगुरू झाले.