पित्तनलिकेची दुर्बीण : अवयव उलट्या बाजूला असताना

तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेच्या मुखापर्यंत जायचे, तिथून बारीक नळी आत सरकवून रंगद्रव्य सोडायचे, एक्स-रेवर खडा शोधायचा आणि तो काढायचा, ही ईआरसीपी. विल्यम मॅक्यून यांनी अमेरिकेत १९६८ साली हा मार्ग दाखवला. १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानमध्ये कवाई यांनी नलिकेचे मुख दुर्बिणीतूनच कापले. तेव्हापासून ही तपासणी उपचारही झाली.

साधारण दहा हजारांत एका माणसाचे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात : हृदय उजवीकडे, यकृत आणि पित्ताशय डावीकडे. लंडनच्या मॅथ्यू बेली यांनी १७८८ साली याचे वर्णन केले. अशा माणसाला पित्ताचे खडे इतरांसारखेच होतात. फक्त दुखते बहुधा डाव्या कुशीत, आणि मग पित्ताशय सोडून भलतेच संशय आधी घेतले जातात.

बालाघाटसारख्या जिल्ह्यात, जिथले कित्येक रुग्ण मोठ्या उपचारासाठी गोंदिया-नागपूरची वाट धरतात, खरी कामगिरी साध्या सोनोग्राफीची. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज : कावीळ अडथळ्याची असेल तर ती झाडून उतरत नाही. यकृत डावीकडे दिसले की छातीचा एक्स-रे पाहावा. फिल्म उलटी लावली असे समजून ती फिरवू नये, तिच्यावरची डाव्या-उजव्याची खूण वाचावी. पुढे एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकेच्या एमआरआयमध्ये, नलिकेचा नकाशा मिळतो. रुग्णाला जुना खोकला आणि सायनसचा त्रास असेल तर कार्टाजेनर सिंड्रोमची (उलट्या अवयवांबरोबर श्वासमार्गाचा जन्मजात दोष) शंका घेऊन भूल देणाऱ्याला आधीच सांगावे.

अडचण खरी डॉक्टरच्या हातात असते. नेहमी रुग्ण डाव्या कुशीवर किंवा पालथा, डॉक्टर त्याच्या उजवीकडे. ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला, पोचल्यावर दुर्बीण उजवीकडे वळवून मागे ओढली की मुख समोर येते आणि नलिका घड्याळातल्या अकराच्या दिशेला सापडते. उलट्या रचनेत ती एकच्या दिशेला. वर्षानुवर्षे मनगटात मुरलेले वळण मोडायचे म्हणजे चांगल्या चांगल्यांचा हात अडखळतो.

मग कोणी रुग्णाला उजव्या कुशीवर झोपवून स्वतः डावीकडे उभे राहतात. कोणी नेहमीचीच मांडणी ठेवून जठरातच दुर्बीण पुरती फिरवून घेतात. पडद्यावरचे एक्स-रेचे चित्र उलटे करून घेणारेही आहेत. १९९७ साली ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी’त या विषयावर आलेल्या एका टिपणाच्या शीर्षकातच प्रश्न होता : दुसऱ्या बाजूला वळायलाच हवे का? सगळ्यांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही.

कापणे अधिक जिकिरीचे. छेद देणारी तार मुळातच अकरा-बाराकडे वाकेल अशी घडवलेली असते. म्हणून फिरवता येणारी तार वापरतात, किंवा थोडेसेच कापून फुग्याने मुख रुंदावतात. चुकून स्वादुपिंडाच्या नलिकेत वारंवार शिरले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ती टाळायला गुदद्वारातून इंडोमेथासिन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी देतात.

नलिका मोकळी झाल्यावर पित्ताशयही बहुधा काढावे लागते. उलट्या रचनेत ते पोटातून घातलेल्या दुर्बिणीने (लॅप्रोस्कोपीने) काढल्याची पहिली नोंद १९९१ ची. उजव्या हाताच्या सर्जनला त्यात स्वतःचेच हात एकमेकांना आडवे येतात, म्हणून काही जण रुग्णाच्या दोन्ही पायांमध्ये उभे राहून शस्त्रक्रिया करतात.