उपहार आणि पांति : महानुभाव पंथांतील अहिंसा व सहभोजन

‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ अशी एक म्हण मराठींत रूढ आहे. ती दांभिक मनुष्याला उद्देशून वापरतात, आणि तिच्या योगानें एका पंथाची पिढ्यान् पिढ्या निंदा झाली हें उघड आहे. परंतु म्हण हें देखील एक प्रकारचें ऐतिहासिक साधनच होय. म्हण करणारा जें सांगूं इच्छितो त्यापेक्षां तो जें गृहीत धरतो तें संशोधकाच्या अधिक उपयोगी पडतें. कसाबाच्या अगदीं दुसऱ्या टोकाला कोणाला उभें करावें, असा प्रश्न पडतांच लोकांना मानभाव आठवला. म्हणजे प्राणिहिंसेपासून सर्वांत दूर असलेला मनुष्य तो हा, अशी त्याची ख्याति निंदकांनाही मान्य होती. निंदेच्या पोटांत दडलेली ही साक्ष आजवर कोणीं फारशी विचारांत घेतलेली दिसत नाहीं.

मांसत्याग करणारे समाज महाराष्ट्रांत अनेक आहेत. त्यांपैकीं कांहींचा त्याग शुचित्वाच्या कल्पनेवर उभा आहे. मांस अपवित्र, म्हणून तें खाणाराही अपवित्र, म्हणून त्याच्या पंक्तीला बसावयाचें नाहीं, अशी ती परंपरा. दुसऱ्या कांहींचा त्याग जीवदयेवर उभा आहे. बाहेरून दोन्ही ताटें सारखींच दिसतात. परंतु एका ताटानें मनुष्य मनुष्यापासून दूर होतो आणि दुसऱ्यानें तसें होण्याचें कारण नाहीं. महानुभाव पंथाचा आहारनियम या दोहोंपैकीं कोणत्या जातीचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषयाचा आरंभ झाडीपट्टीपासून करणें युक्त होईल. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला. तत्पूर्वीं हा सर्व मुलूख भंडाऱ्याचाच होता. रतनपूर येथील इ. स. ११०० च्या शिलालेखांत ‘भानारा’ असें जें नांव येतें तें भंडाऱ्याचेंच असावें असें मानतात. लीळाचरित्राच्या एकांक भागांत श्रीचक्रधरस्वामींचें या भागांत येणें वर्णिलें असून येथील नीळभट भांडारेकार हा त्यांच्या अगदीं आरंभींच्या अनुयायांपैकीं एक होय. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांत, बोदलकसा तलावाच्या परिसरांत, सुकडी (डाकराम) हें गांव आहे. तेथें स्वामींचें स्थान असून चैत्रांत यात्रा भरते. भंडाऱ्याचा संबंध ग्रंथाधारें सिद्ध होतो. सुकडीचा संबंध स्थानिक परंपरेनें सांगितला जातो. या दोन पुराव्यांची प्रत एक नव्हे, हें विसरून चालणार नाहीं. तथापि वैनगंगेच्या या खोऱ्यांत पंथाचें पाऊल आरंभींच पडलें होतें, एवढें निःसंशय म्हणतां येतें.

हा मुलूख भाताचा आणि तलावांचा. तलाव म्हटला म्हणजे मासा आलाच. धीवरांचा तो पिढीजात धंदा, आणि भात व मासे हें येथील बहुजनांचें नेहमींचें अन्न. अरण्य जवळ, म्हणून शिकारही पूर्वीं अपरिचित नव्हती. अशा प्रदेशांत मांसत्यागाचा नियम हवापाण्यानें किंवा पिकानें आपोआप उत्पन्न होत नाहीं. तो कोणीतरी शिकवावा लागतो, आणि ज्यांनीं तो घेतला त्यांनीं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चालीविरुद्ध जाऊन समजून उमजून घेतला असला पाहिजे.

आतां साधनांचा विचार. म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सुमारें शके १२०० (इ. स. १२७८) मध्यें रचिलें, म्हणजे स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर थोड्याच वर्षांत. मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभीं खालशाच्या धाडींत नष्ट झाली व पुढें निरनिराळ्या आचार्यांनीं स्मरणावरून पाठ सिद्ध केले, असें पंथाचीच परंपरा सांगते. तेव्हां लीळेंतील प्रत्येक शब्द तेराव्या शतकाचा आहे असें गृहीत धरणें धाडसाचें होईल. उलट, निरनिराळ्या पाठांत जी गोष्ट एकाच आशयानें येते आणि केशिराजबासांनीं संकलित केलेल्या सूत्रपाठांतील विचाराशीं जिचा मेळ बसतो, ती पंथाच्या मूळ शिकवणीची मानण्यास हरकत नसावी. डॉ. वि. भि. कोलते यांनीं सिद्ध केलेली लीळाचरित्राची आवृत्ति १९७८ मध्यें प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीं हरि नारायण नेने यांनीं आपली आवृत्ति भागशः काढली होती. या दोन्ही आवृत्ति समोर ठेवून वाचणाऱ्याला पाठभेदांचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

अहिंसेसंबंधीं सर्वांत प्रसिद्ध लीळा सशाची. स्वामी वृक्षाखालीं बसले असतां पारध्यांच्या कुत्र्यांपुढें जीव घेऊन धावणारा ससा त्यांच्या मांडीखालीं येऊन दडला. पारध्यांनीं तो मागितला. स्वामींनीं शरण आलेल्याला देण्याचें नाकारिलें. शेवटीं ससा वांचला आणि पारध्यांचें मन पालटलें. या कथेंत काय नाहीं तें आधीं पाहावें. मांस अमंगल आहे, असें येथें म्हटलेलें नाहीं. पारधी हे हीन जातीचे, त्यांचा स्पर्श नको, असेंही म्हटलेलें नाहीं. बोलणें आहे तें सशाच्या भयाविषयीं. पारध्यांशीं संवाद होतो तो त्यांना दूर लोटण्यासाठीं नव्हे, तर त्यांना वळविण्यासाठीं. ज्या आहारनियमाचा उगम अशा कथेंत आहे त्याचा आधार जीवाचें दुःख हा आहे, खाणाऱ्याचें शुचित्व हा नव्हे.

या अनुमानास भिक्षेच्या नियमानें बळकटी येते. चारही वर्णांच्या घरीं भिक्षा मागावी, जिव्हेला गोड लागेल तें निवडूं नये, मिळेल तें शांतपणें सेवावें, असा साधकांना उपदेश आहे. शुचित्व हेंच जर आहाराचें मूळ तत्त्व असतें, तर अमुक घर टाळावें असा नियम प्रथम आला असता; येथें तो नेमका उलट आला आहे. लीळाचरित्रांत एका अंत्यजानें दिलेला लाडू स्वामींनीं स्वीकारून भक्तजनांस प्रसाद म्हणून वाटल्याची कथा आहे. ते भक्त बहुतेक ब्राह्मणकुळांतील होते, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या लाडवाचें वजन कळतें. ऋद्धिपूरच्या श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रांतही प्रभु कोणाच्याही घरांत शिरून अन्न घेतात. तेथें जातीची गणना नाहीं.

याच काळांत देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि चतुर्वर्गचिंतामणि हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करीत होता. त्याच्या व्रतखंडांत वर्षाच्या तिथीतिथीला व्रतें सांगितलीं असून बहुतेकांची सांगता ब्राह्मणभोजनानें होते. म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांत सहभोजनाचे दोन नमुने शेजारीं शेजारीं नांदत होते. एकांत यजमान अन्न देतो आणि घेणारा जन्मानें ठरलेला असतो. दुसऱ्यांत अन्न झोळींतून येतें, अनेक घरांचें मिसळतें, आणि घेणारा केवळ अनुसरल्यामुळें घेणारा ठरतो. दोन्हींकडे मांस नाहीं. परंतु या साम्यावरून दोन्ही चाली एकच मानणें म्हणजे दोन वेगळ्या हातांचीं अक्षरें शाई सारखी म्हणून एका लेखकाचीं ठरविण्यासारखें आहे.

लीळाचरित्रांतील अन्नविषयक शब्दसंपत्ति हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. भक्तांनीं अर्पण केलेलें अन्न तो ‘उपहार’, स्वामींचें जेवण ती ‘आरोगणा’, रात्रीचें जेवण ती ‘व्याळी’, आणि जेवणाऱ्यांची ओळ ती ‘पांति’. बाइसा स्वामींच्या जेवणाची व्यवस्था पाहतात. कोणी भक्त उपहार करूं इच्छितो, स्वामी आरोगणा करितात, मग भक्तजनांस प्रसाद मिळतो. हा क्रम इतक्या वेळां येतो कीं, पंथाचा संसार कसा चालत असे त्याचें चित्रच त्यांतून उभें राहतें. येथें एक सावधगिरी सांगणें आवश्यक आहे. दूध, दहीं, तूप हे पदार्थ या उपहारांत आहेत. इंग्लंडांत १८४७ मध्यें रॅम्सगेट येथें शाकाहारी मंडळी स्थापन झाली आणि १९४४ मध्यें तिच्याच परंपरेंतील कांहीं जणांनीं दुधातुपाचाही त्याग करणारा निराळा गट काढला. त्या अर्थीं केवळ वनस्पतींवर निर्वाह करणारा समाज महानुभावांत शोधूं गेल्यास तो सांपडणार नाहीं. जुन्या ग्रंथांत आजची कल्पना घालून वाचण्याचा मोह टाळला पाहिजे.

दुसरा एक आक्षेप येथेंच घेतला पाहिजे. संन्यास घेतलेल्या साधकांस भिक्षेचा नियम लागू; परंतु गृहस्थाश्रमी अनुयायी, ज्यांस पंथांत वासनिक म्हणतात, ते आपापल्या जातींतच राहिले आणि लग्नव्यवहारांत जातीचीं बंधनें पाळीत आले. मग पांतीनें जात मोडली असें कसें म्हणावें? उत्तर असें कीं, तसें कोणीं म्हणूंही नये. आमचें म्हणणें मर्यादित आहे. उपदेश घेणाऱ्यानें मद्य व मांस सोडावें हा नियम सर्व जातींच्या वासनिकांस एकसारखा लागू झाला, आणि त्याचें समर्थन जन्मावर नव्हे तर अहिंसेवर केलें गेलें. आचरण तत्त्वापेक्षां तोकडें पडलें हें खरें. पण तत्त्व कोणतें होतें तें त्यामुळें बदलत नाहीं.

समाजानें मात्र या तत्त्वाचा अर्थ अचूक ओळखला होता असें दिसतें. इ. स. १७८२ मध्यें, सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, पेशवे सरकारांतून जें आज्ञापत्र निघालें त्यांत मानभाव हे चार वर्णांत नाहींत व षड्दर्शनांतही नाहींत, त्यांचा उपदेश कोणीं ऐकूं नये, ऐकल्यास तो जातिबाह्य होईल, असा आशय आहे. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ज्यांच्या ताटांत मांस नाहीं, ज्यांच्या ओठांस मद्य नाहीं, त्यांना हें शासन झालें. आहाराचें शुचित्व हीच जर कसोटी असती तर महानुभावांना बाहेर काढण्याचें कारण उरलें नसतें. कसोटी दुसरीच होती; कोणाच्या पांतीला कोण बसतो, ही ती कसोटी. आरंभीं दिलेली म्हणही याच वातावरणांतली आहे. ज्याच्या आचरणावर बोट ठेवतां येत नाहीं त्याच्या हेतूवर संशय घ्यावयाचा, ही निंदेची जुनी रीत आहे.

पंथानें आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत बंद करून ठेविले; त्यामुळें गैरसमजाला आणखी वाव मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभीं महंतांनीं पोथ्या दाखविण्याचें औदार्य केलें, राजवाडे, भावे प्रभृति संशोधकांनीं सकळ लिपीचा उलगडा केला, आणि मग कोठें मराठी गद्याचें हें भांडार उघडें झालें. याच पंथाच्या लोकांनीं पंजाब, पेशावर व काबूलपर्यंत मराठी पोथ्या नेल्या. तेथें त्यांस जयकृष्णी म्हणत. मराठी ही ज्यांची मातृभाषा नव्हे त्यांनीं ती धर्मभाषा म्हणून जतन केली, आणि तिच्याबरोबर मद्यमांसत्यागाचा नियमही तेथें पोंचला.

आज गोंदिया हें रेल्वेमुळें वाढलेलें मोठें शहर आहे. भाताच्या गिरण्या व बाजारपेठ यांमुळें नाना प्रांतींचे लोक तेथें येऊन राहिले. जैन व वैष्णव व्यापारी घराण्यांचीं शाकाहारी भोजनें शहरांतल्या कोणाही मनुष्याला परिचित असतात. महानुभावांच्या मेळाव्यांत आजही ‘पंचावतार उपहार’ व ‘विडा अवसर’ हे विधि होतात आणि शेवटीं प्रसादाची पंगत बसते. निमंत्रणपत्रिकेंतला ‘उपहार’ हा शब्द वाचून शहरांतल्या मनुष्यास फराळाची आठवण होईल. वस्तुतः तो शब्द म्हाइंभटांच्या ग्रंथांतून सातशें वर्षें चालत आलेला आहे. शब्द टिकला, विधि टिकला. त्यामागील अर्थ टिकला कीं नाहीं, हें त्या पंगतीला कोण कोण बसतात यावरून ज्याचें त्यानें पाहावें.

शेवटीं पोथीसंग्राहकांस एक विनंति. वऱ्हाडांतील मठांच्या पोथ्यांकडे अभ्यासकांचें लक्ष गेलें आहे. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यांतील वासनिकांच्या घरच्या पोथ्यांची तितक्या बारकाईनें टिपणें होणें अगत्याचें आहे. मोठ्या ग्रंथांच्या प्रतींबरोबरच आचारविषयक लहान प्रकरणें, उपहाराच्या सामग्रीच्या याद्या, यात्रेच्या खर्चाचे कागद, समासांतील नोंदी, ज्या वस्तूंना संग्राहक बहुधा बाजूस सारतात, त्याच जपून ठेवाव्या. अमुक दिवशीं कोणीं किती तांदूळ दिले आणि पांतीला कोण बसले, एवढी एक ओळ जरी जुन्या यादींत सांपडली, तरी तत्त्व आणि आचरण यांमधलें अंतर मोजण्यास ती शेंकडों पानांच्या स्तुतीपेक्षां अधिक उपयोगी पडेल. म्हणकर्त्यानें मानभावाची बोलणी तेवढी ऐकली होती. त्याची करणी काय होती तें सांगणारे कागद अजून कोणाच्या तरी माळ्यावर, कापडांत गुंडाळलेले, पडून असावेत.