ब्रेक रबर ते डिस्क पॅड

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारे साधन. हे काम लिव्हर करत नाही, दांडी करत नाही आणि वायरही करत नाही. ते करतो चाकाला घासणारा आणि घासता घासता स्वतः झिजणारा एक लहानसा तुकडा. तो कशाचा करावा, हाच ब्रेकच्या इतिहासातला मुख्य प्रश्न. मुंबई, ठाणे आणि कल्याणच्या पट्ट्यात या प्रश्नाची बहुतेक उत्तरे एकेका काळी वापरून झाली आहेत.

सुरुवात रेल्वेने झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली आणि १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत जाऊ लागली. या मार्गावर डोंबिवलीजवळ आज कोपर स्थानक जिथे आहे तो भाग खाडीकाठचा, सपाट. ब्रेकची खरी परीक्षा पुढे होती, १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटात. तिथे उतरणीवर ताबा सुटलेली गाडी चढणीच्या आडमार्गावर वळवून थांबवावी लागे. नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवण्याची सोय नव्हती. ब्रेकचे ब्लॉक पुढे दीर्घकाळ बिडाचेच राहिले. बीड स्वस्त आणि टिकाऊ, पण त्याचा एक स्वभाव गैरसोयीचा: वेग कमी होत जाईल तशी त्याची पकड वाढते आणि गाडी थांबताना हिसका बसतो. पुढे आलेल्या कंपोझिट ब्लॉकची पकड अधिक एकसारखी असते. आज कोपरला थांबणाऱ्या थ्री-फेज लोकलमध्ये तर ब्लॉकवरचा बराच भार मोटारींनी उचलला आहे. फलाट जवळ आला की त्या जनरेटरसारख्या चालतात आणि वीज परत तारेत सोडतात. ब्लॉकला मुख्यतः शेवटचे थांबणे उरते.

बिडापासून कंपोझिटकडे जाणारी वाट इंग्लंडमधल्या डर्बीशायरमधून गेली. हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ साली तिथे घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी कापड आणि चिकट द्रव्ये यांचे मिश्रण करून पाहिले. त्यातून फेरोडो ही कंपनी उभी राहिली. मोटारींचा वेग वाढल्यावर उष्णतेत टिकणारा धागा म्हणून ॲसबेस्टॉस आले आणि काही दशके ब्रेक लायनर म्हणजे ॲसबेस्टॉस असेच समीकरण होते. मुंबई-कल्याण लोहमार्गावरच्या घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना होता. जगभर या धाग्याची किंमत कामगारांच्या फुप्फुसांनी मोजली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ॲसबेस्टॉस कारखान्यांनी कामगारांच्या तपासणीच्या नोंदी किमान ४० वर्षे जपाव्यात असा आदेश दिला. ब्रेकच्या इतिहासात हा निकाल एखाद्या शोधाइतकाच मोलाचा धरायला हवा. स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ च्या संशोधनातून आलेला केव्हलर आणि त्याच्या जातीचे अरॅमिड धागे पुढे ॲसबेस्टॉसच्या जागी वापरात आले. आजच्या सायकलच्या रेझिन पॅडमध्येही ते सापडतात.

सायकलवर मात्र दीर्घकाळ साध्या रबराचे राज्य होते. वरळीच्या हिंद सायकल्समध्ये किंवा पुढे लुधियाना, सोनिपत आणि मद्रासच्या कारखान्यांत तयार झालेल्या काळ्या सायकलींना दांडीचा ब्रेक असे. हँडलखालची पट्टी दाबली की दांड्या ओढल्या जात आणि नालेच्या आकाराचा एक तुकडा वर येऊन त्याची दोन रबरे रिमच्या आतल्या कडेवर टेकत. यंत्रणा उघडी, दुरुस्ती पान्याने होणारी, रबर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे. सपाट खाडीकाठाला एवढा ब्रेक पुरेसा होता. दोन उणिवा मात्र होत्या. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढलेला नसेल तर रबर एका जागी अडके आणि दुसऱ्या जागी सुटे. शिवाय पावसात लोखंडी रिम ओली झाली की पकड जवळजवळ नाहीशी होई. कोकणपट्टीत चार महिने पाऊस असतो, हे लक्षात घेतले तर ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

माउंटन बाइकचा जन्मच ब्रेकच्या अडचणीतून झाला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ पासून डोंगरउतारावरच्या ‘रीपॅक’ शर्यती सुरू झाल्या. जुन्या सायकलींच्या हबमधले ब्रेक एका उतरणीत इतके तापत की आतले ग्रीस जळून जाई आणि हब खोलून नवे भरावे लागे. शर्यतीचे नावही त्यावरूनच पडले. पुढे कॅन्टिलिव्हर ब्रेक आले, १९९६ च्या सुमारास व्ही-ब्रेक आले. तरी घर्षण रिमवरच होत होते आणि चिखलाबरोबर रिमही झिजत होती.

डिस्कची कल्पना जुनी. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली मोटारीसाठी तिचे पेटंट घेतले. १९५३ च्या ल मान्स शर्यतीतील जॅग्वारच्या विजयाने ती जगापुढे आली. माउंटन बाइकवर ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्थिरावली. रिम वाचली, झीज एका स्वस्त चकतीवर आणि पॅडवर आली आणि घर्षणाची जागा चिखलापासून दूर, चाकाच्या मध्याजवळ गेली. स्वार धरून ८५ किलो वजन ३०० मीटर खाली उतरले की सुमारे अडीच लाख ज्यूल उष्णता तयार होऊ शकते. तेवढ्यात पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून परत उतरणाऱ्या सायकलस्वाराच्या ब्रेकवर याहून जास्त भार पडतो. वारा त्यातला काही वाटा उचलतो, बाकीचा पॅड आणि डिस्क यांना सोसावा लागतो.

पॅडचे मुख्य प्रकार दोन. रेझिनचे पॅड आवाज कमी करते आणि थंड असतानाच पकडते, पण चिखलपाण्यात भराभर संपते. धातूची पूड दाबून आणि भाजून केलेले सिंटर्ड पॅड उष्णतेत आणि चिखलात टिकते, मात्र करकरते आणि डिस्क लवकर झिजवते. रोज डोंबिवलीपर्यंत ये-जा करणाऱ्याने रेझिन घ्यावे. जून ते सप्टेंबर कच्च्या रस्त्यांवर आणि घाटात जाणाऱ्याने सिंटर्ड. डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ असे लिहिलेले असेल तर सिंटर्ड पॅड लावू नयेत. नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा हळूहळू ब्रेक दाबून ते डिस्कशी जुळवून घ्यावे लागते, तोवर पूर्ण पकड मिळत नाही.

दांडीच्या ब्रेकच्या काळातली एक सवय इथे घातक ठरते. ओव्हरऑइल करताना प्रत्येक सांध्यावर तेल सोडणे तेव्हा योग्यच होते. डिस्कवर मात्र चेनच्या तेलाचा एक शिंतोडाही पॅडमध्ये मुरतो, आणि मुरलेले पॅड बहुधा बदलावेच लागते. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, तिला बोट लावू नये. शिमानोच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मिनरल ऑइलच भरावे. डॉट फ्लुइडने त्यातील सील खराब होतात. शिमानोच्या सूचनेनुसार पॅडचा थर ०.५ मिलिमीटर उरला की पॅड बदलायचे आणि १.८ मिलिमीटरची डिस्क १.५ वर आली की डिस्कही.