एनॅमलचा खेळ

पनवेलहून अलिबाग ओलांडून पुढे गेले, की समुद्रकाठी नागाव लागते. चित्रकार प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ साली येथलाच. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षणानंतर १९६१ मध्ये ते विणकर सेवा केंद्रात रुजू झाले व वाराणसीस गेले. वस्त्राचा पोत आणि तांत्रिक चिन्हे यांचा निकट सहवास त्यांना तेथेच लाभला.

पुढे दारे-खिडक्यांना देतात तो एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर घेतला. हा रंग पातळ केला की वाहतो, वाळल्यावर चकाकतो. चित्रकाराच्या आज्ञेत तो पुरता राहत नाही. त्याच्या या अवखळपणाशी बरवे खेळले, तरीही घड्याळ, पान, शिंपला अशा साध्या वस्तूंना त्यांनी मोकळ्या अवकाशात काटेकोर जागा दिली. आपली विचारप्रक्रिया त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या पुस्तकात मांडली. १९९५ मध्ये ते निवर्तले.

आपल्या धर्मग्रामातील एखादे मूल चित्रावर वाळू, दोरा, सुके पान चिकटवू लागले, की ‘पसारा नको’ असे आपण सहज म्हणून जातो. तेव्हा नागावच्या या सुपुत्राचे स्मरण ठेवू या. साहित्याशी खेळताखेळताच हाताला त्याचा स्वभाव कळतो. शिस्त त्यामागून येते.