तळटीप : डार्क फ्रेम एकत्र करण्याविषयी

४. लेखकाने इथे ‘डार्क वजा केले’ एवढेच म्हटले आहे. त्यामागची रीत अशी. दुर्बिणीचे झाकण लावून, आकाशाच्या छायाचित्राइतकाच वेळ आणि तितक्याच तापमानाला घेतलेले चित्र म्हणजे डार्क फ्रेम. अंधारातही सीसीडीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाशग्राही चिपमध्ये, उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सुटत राहतात. तापमान ६-७ अंश सेल्सिअसने वाढले की त्यांचा ओघ साधारण दुप्पट होतो, म्हणून तापमानाची अट सर्वांत कडक.

एकच डार्क वजा केली तर तिच्यातला स्वैर गोंगाटही चित्रात शिरतो. अनेक डार्कची सरासरी घेतल्यास तो संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो : १६ घेतल्या तर चौथा हिस्सा उरतो. पण लांब एक्स्पोजरमध्ये एखादा वैश्विक किरण आदळतोच, आणि त्याचा ठिपका सरासरीत फिका होऊन का होईना, टिकून राहतो. मध्यक, म्हणजे मीडियन, घेतला तर तो गळतो. मात्र गोंगाट सरासरीपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त राहतो. टोकाची मूल्ये आधी छाटून उरलेल्यांची सरासरी काढावी, हे आमचे मत. हाताशी तीन-चारच डार्क असतील तर छाटायचे काय हे ठरवायला आधार नसतो. तिथे मध्यक बरा.

हबल दुर्बिणीच्या सीसीडींत अवकाशातील प्रारणामुळे नवे तप्त पिक्सेल, म्हणजे अंधारातही फार जास्त इलेक्ट्रॉन सोडणारे पिक्सेल, सतत तयार होतात. महिन्याकाठी सीसीडी कोमट करूनही ते सगळे बरे होत नाहीत, त्यामुळे तिथे डार्क वारंवार नव्याने घ्याव्या लागतात. — संपा.