टॉवरवरचा आवाज

आम्ही इथं माईकसमोर बसून बोलतो तेव्हा आमचं तोंड तुम्हाला दिसत नाही. कुणी गोठ्यात असतं, कुणी चुलीपाशी, कुणी द्राक्षबागेत डबा सोडून ऐकत बसलेलं असतं. तुमच्यापर्यंत पोचतो तो फक्त आवाज. आज आम्ही अशाच एका आवाजाबद्दल बोलणार आहोत. तो ऐकणारा मात्र आभाळात असतो, आणि तो आवाज सांगेल तसंच त्याला वागावं लागतं.

पुण्याला लोहगावच्या विमानतळावर आपल्यातलं कुणी ना कुणी गेलेलं असेल, निदान पोराला सोडायला तरी. तो विमानतळ मुळात हवाई दलाचा. तिथून प्रवाशांची विमानं उडतात, पण ‘आता ऊठ’, ‘आता थांब’, ‘आता उतर’ हे सांगणारा माणूस हवाई दलाचा असतो. गोव्याला दाबोळीला हेच काम नौदलाकडं आहे. म्हणजे लग्नाला किंवा दवाखान्याच्या कामाला निघालेल्या साध्या माणसाचा जीवसुद्धा तिथं गणवेशातल्या नियंत्रकाच्या हाती असतो. या कामाला हवाई वाहतूक नियंत्रण म्हणतात. इंग्रजी अक्षरांवरून सगळे त्याला ‘एटीसी’ म्हणतात.

काम काय, ते सांगतो. धावपट्टीजवळ उंच टॉवर असतो. नियंत्रक तिथं किंवा खाली रडारच्या पडद्यासमोर बसतो. वारा कुठून वाहतो, धावपट्टी मोकळी आहे का, कोणतं विमान किती उंचीवर आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात एकाच वेळी असावं लागतं. एकावर एक जाणाऱ्या दोन विमानांत साधारण १,००० फुटांचं अंतर राखायचं असतं. बोलायचं ठरलेल्या शब्दांतच, पाल्हाळ लावायचा नाही. नियंत्रकानं सूचना दिली की वैमानिक ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो. त्यात चूक झाली तर नियंत्रकानं तिथल्या तिथं दुरुस्त करायची. लढाऊ विमानांच्या तळावर हेच काम आणखी वेगानं चालतं. पाळी रात्रीची असते, पावसाची असते, सणाचीही असते.

आता मुद्द्याचं. या कामात बाईचा आवाज कधी आला? आणि आल्यावर त्याला टिकू दिलं का?

सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. १९४२ साली इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात बायकांचं एक साहाय्यक दल उभं केलं. टेलिफोन, वायरलेस, कचेरीतली कामं त्यांच्याकडं आली. हवाई दलाच्या कक्षात मोठ्या नकाशावर विमानांच्या जागा मांडण्याचं कामही त्यांच्याकडं होतं. युद्ध संपलं, तसं ते दलही संपलं. बायकांना घरी पाठवलं.

त्याच वर्षांत आपल्या तालुक्यात काय चाललं होतं, हे विसरून चालणार नाही. कुंडल हे प्रतिसरकारचं मोठं ठाणं होतं. १९४३ पासून तुफान सेनेची माणसं इंग्रजांची सत्ता मोडून काढत होती, आणि त्यांना बातमी पुरवणाऱ्यांत, निरोप पोचवणाऱ्यांत आपल्याच घरच्या बायका होत्या. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकोचं सोंग केलं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारं पळवली. बाईनं आणलेल्या निरोपावर विसंबून गडीमाणसं जीव धोक्यात घालायला निघत. ‘बाईचं काय ऐकायचं’ असं म्हणायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. हे ध्यानात ठेवा, पुढं याचा संबंध येणार आहे.

स्वातंत्र्यानंतर साडेचार दशकं सैन्यदलांत बाई दिसायची ती परिचारिका म्हणून किंवा डॉक्टर म्हणून. दार उघडलं ते १९९१-९२ मध्ये. तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री शरद पवार होते. ऑक्टोबर १९९१ मध्ये नौदलानं पुरवठा, कायदा आणि शिक्षण या शाखा स्त्रियांना खुल्या केल्या. जानेवारी १९९२ मध्ये लष्करानं काही शाखा उघडल्या. १९९२-९३ मध्ये हवाई दलात जमिनीवरच्या कामांसाठी पहिल्या अधिकारी मुली आल्या. नौदलात १९९८ साली आणखी शाखा खुल्या झाल्या. त्यापुढं नौदलाच्या विमानतळांवरही मुली नियंत्रक म्हणून बसू लागल्या.

पण यात एक मेख होती. त्यांना घेतलं ते ठरावीक वर्षांसाठी. या नेमणुकीला शॉर्ट सर्व्हिस कमिशन म्हणतात. आधी थोडी वर्षं, मग वाढवून वाढवून १४ वर्षांपर्यंत, आणि मग नमस्कार. निवृत्तिवेतनाला २० वर्षं सेवा लागते, म्हणजे तेही नाही. त्यांच्याबरोबर लागलेल्या पुरुषांना मात्र कायम नेमणुकीची वाट होती.

हे आपल्याला समजावून सांगायला नको. रानात आपण राबतो. खुरपणी आपली, वेचणी आपली, द्राक्षाची विरळणी आपली, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. वडिलांच्या मालमत्तेत लेकीला लेकाइतका हक्क देणारा कायदा महाराष्ट्रानं केला १९९४ साली आणि देशानं २००५ साली. सैन्यातल्या बायकांचंही तेच झालं. कामाला घेतलं, खात्यावर नाव लावलं नाही.

त्या गप्प बसल्या नाहीत. २००३ साली बबिता पुनिया नावाच्या वकील बाईंनी दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. मग नोकरीतल्या अधिकारी स्त्रियांनी आपापले दावे लावले. मार्च २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. लष्कराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथं दहा वर्षं चाललं. नौदलातल्या स्त्रियांचा दावा वेगळा होता. त्या दावेदारांत पुरवठा आणि शिक्षण शाखेबरोबर हवाई वाहतूक नियंत्रण करणाऱ्या अधिकारीही होत्या. रोज विमानं उतरवणाऱ्या बायका आपली नोकरी टिकावी म्हणून कोर्टाच्या पायऱ्या चढत होत्या.

सरकारची बाजू काय होती, ते नीट ऐका. नौदलाच्या दाव्यात सांगितलं गेलं की, काही जहाजं रशियन बनावटीची आहेत आणि त्यांवर बायकांसाठी न्हाणीघराची सोय नाही. लष्कराच्या दाव्यात सांगितलं गेलं की, जवान बहुतेक खेड्यातले आहेत. बाईचा हुकूम मानायला त्यांच्या मनाची तयारी झालेली नाही.

मैत्रिणींनो, ही सबब आपल्या नावावर सांगितली गेली. खेड्यातले जवान म्हणजे कोण? आपलेच भाऊ, दीर, मुलगे. सांगली-साताऱ्यातली किती घरं सैन्यात आहेत, हे आपल्याला कुणी मोजून दाखवायला नको. खेड्यातल्या पुरुषाला बाईचं ऐकता येत नाही म्हणे! ज्या कुंडलच्या आसपासच्या पोरांनी बाईच्या निरोपावर रात्री मोहिमा काढल्या, त्यांच्याच मुलखाबद्दल हे बोलणं. ग्रामपंचायतीत १९९३ पासून बायकांच्या राखीव जागा आहेत. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. सरपंचबाईच्या सहीशिवाय गावात काम पुढं जात नाही, हे आता गावाच्या अंगवळणी पडलंय. सुरुवातीला खुर्चीमागून नवरा बोलायचा, हे खरं. काही ठिकाणी अजूनही बोलतो, हेही खरं. पण म्हणून खुर्ची काढून घ्यायची नसते.

सर्वोच्च न्यायालयानंही तसंच ठरवलं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी १७ फेब्रुवारी २०२० रोजी लष्कराचा आणि बरोबर एका महिन्यानं, १७ मार्च २०२० रोजी नौदलाचा निकाल दिला. पुरुषांना जशी कायम नेमणूक मिळते तसाच विचार स्त्रियांचाही करा, असा त्याचा अर्थ. सबबी टिकल्या नाहीत. २०२२ साली हवाई दलातून आधीच बाहेर पडलेल्या ३२ अधिकारी स्त्रियांना निवृत्तिवेतनाचा लाभ द्यायलाही न्यायालयानं सांगितलं.

पण खरं उत्तर कामानं आधीच दिलं होतं. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी सीमेवर आपल्या आणि पाकिस्तानच्या लढाऊ विमानांची गाठ पडली. तेव्हा रडारसमोर बसून आपल्या वैमानिकांना शत्रूचं विमान कुठं आहे हे सांगणाऱ्यांत स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल होत्या. त्यांचं काम लढाऊ विमानांच्या नियंत्रकाचं. टॉवरवरच्या कामाचं हे सख्खं भावंड. त्या वर्षी त्यांना युद्ध सेवा पदक जाहीर झालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. वैमानिकांनी आवाज बाईचा की बाप्याचा हे पाहिलं नाही. तेवढा वेळच नसतो.

आपल्या महाराष्ट्रातलंही एक उदाहरण घ्या. लष्कराच्या स्वतःच्या हेलिकॉप्टरांचं प्रशिक्षण नाशिकला होतं. २०२१ पर्यंत त्या शाखेत स्त्री अधिकाऱ्यांना हवाई वाहतूक नियंत्रण आणि जमिनीवरची कामं एवढंच मिळायचं. त्या वर्षी पहिल्या दोघींची वैमानिक प्रशिक्षणासाठी निवड झाली, आणि मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक नाशिकहून वैमानिक होऊन बाहेर पडल्या. टॉवरवर बसायला मिळालं त्याच शाखेत पुढं उडायलाही मिळालं.

आता आपल्या लेकीबाळींनी काय करायचं? कागद-पेन्सिल घ्या.

हवाई दलात हे काम प्रशासन शाखेतल्या अधिकाऱ्यांकडं येतं, म्हणून अर्ज त्या शाखेसाठी करायचा. परीक्षेचं नाव एएफकॅट. ती वर्षातून दोनदा होते. प्रशासन शाखेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण ६० टक्के गुण हवेत. वय २० ते २६. उंची साधारण १५२ सेंटिमीटर. नजर, रंगओळख, कान तपासतात. अंगावर गोंदण कुठं चालतं याचेही नियम आहेत, तेव्हा जत्रेत हौसेनं गोंदण्याआधी विचार करा. लेखी परीक्षेत १०० प्रश्न असतात: सामान्यज्ञान, इंग्रजी, अंकगणित, तर्क. चुकलेल्या उत्तराला गुण कापतात.

त्यानंतर निवड मंडळापुढं जावं लागतं. आपल्याला त्यातल्या त्यात सोयीचं केंद्र म्हैसूरचं. चार-पाच दिवस तिथं राहायचं. चित्र पाहून गोष्ट लिहायची, गटात बोलायचं, मैदानावरची कामं करायची, मुलाखत द्यायची. बचत गटात हिशोब मांडणाऱ्या, भांडण मिटवणाऱ्या आईची लेक तिथं अगदीच कोरी जात नाही, असं आम्हाला वाटतं. पुढं हैदराबादजवळ दुंडीगलच्या वायुसेना अकादमीत सुमारे वर्षभराचं प्रशिक्षण. नियंत्रणाचं खास शिक्षण त्यानंतर मिळतं. सुरुवातीची नेमणूक १० वर्षांची असते, ती आणखी ४ वर्षं वाढू शकते. कायम नेमणूक गुणवत्ता आणि जागा पाहून मिळते. म्हणजे ती आपोआप मिळत नाही, पण मागायचा हक्क आता आहे.

नौदलात नियंत्रकासाठी वेगळी भरती निघते. तिथं इंजिनिअरिंगची पदवी लागते, आणि दहावी-बारावीच्या गुणांकडंही पाहतात. प्रशिक्षण केरळात एळिमला इथं होतं.

बारावीनंतर लगेच जायचं असेल तर खडकवासल्याची एनडीए. ते दार मुलींना उघडलं सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानं. पहिल्या तुकडीतल्या १७ मुली ३० मे २०२५ रोजी तिथून बाहेर पडल्या. हवाई दल किंवा नौदल हवं असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेलं असावं लागतं. म्हणजे हा निर्णय अकरावीला होतो. तेव्हा चुकलं की नंतर हळहळून उपयोग नाही. मुलींच्या तयारीसाठी राज्य सरकारची संस्था नाशिकला आहे.

शेवटची अट मुद्दाम मागं ठेवली, कारण ती मुलीच्या हातात कमी आणि आपल्या हातात जास्त आहे. एएफकॅटनं जाताना मुलगी २५ वर्षांच्या आतली असेल तर ती अविवाहित असावी लागते. पंचविशीच्या आत लग्न लावलं की, तेवढ्यापुरतं तिचं नाव कटलं. तिची हुशारी, तिचे गुण, तिची उंची, काहीच मोजलं जात नाही. पदवी साधारण एकविसाव्या वर्षी हातात पडते. तिथून पुढची तीन-चार वर्षं म्हणजे परीक्षेला बसायची खरी मुदत. आणि नेमकी तीच वर्षं आपल्याकडं ‘चांगलं स्थळ आलंय, द्राक्षाचा हंगाम झाला की उरकून टाकू’ यात जातात.

कोर्टात जाऊन ज्यांनी दार उघडलं त्या आपल्या ओळखीच्या नाहीत. त्यांनी आपल्या लेकींचं नाव घेऊन दावा लावला नव्हता. पण सबब सांगताना आपल्या खेड्यांचं नाव घेतलं गेलं होतं, एवढं लक्षात असू द्या. त्याला उत्तर द्यायचं तर ते एखाद्या पोरीच्या अर्जातूनच जाईल.

येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की, गटातल्या कुणाची लेक, सून, भाची अकरावीला किंवा कॉलेजात आहे, ते एकदा विचारा. तिला हे वाचून दाखवा. आणि घरात तिच्या लग्नाचा विषय निघाला, तर तिचं वय आधी मोजा.