टाकाऊ वस्तूंचें चक्र आणि तें फिरविणारीं माणसें



हल्लीं 'चक्रीय अर्थव्यवस्था' हा शब्द सरकारी अहवालांत व विद्वानांच्या परिषदांत वारंवार कानांवर येतो. खाणींतून कच्चा माल काढावा, त्याची वस्तु बनवावी, ती वापरावी आणि अखेरीस उकिरड्यावर फेकून द्यावी, हा जो सरळ रेषेचा मार्ग यंत्रयुगानें पत्करला, तो सोडून प्रत्येक वस्तु पुनःपुन्हा उपयोगांत आणावी, असा त्या शब्दाचा आशय आहे. हेतु स्तुत्य आहे, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. मात्र नांव नवें असलें तरी गोष्ट जुनी आहे. टाकलेली वस्तु उचलून तिला पुन्हा किंमत आणून देण्याचा धंदा शेंकडों वर्षें चालत आला आहे, आणि तो करणारीं माणसेंही तितकींच जुनीं आहेत. आज मी त्या चक्राच्या यंत्रविद्येची चर्चा करणार नाहीं. तें चक्र कोणीं फिरविलें, आणि तें फिरविण्याची रीत बदलतांना त्या माणसांचें काय झालें, एवढाच प्रश्न मला इतिहासाला विचारावयाचा आहे.

प्रथम आपण एकोणिसाव्या शतकांतील पॅरिस शहरांत जाऊं. त्या काळीं युरोपांत कागद लांकडापासून होत नसे. तो लिननच्या व सुती कापडाच्या चिंध्यांपासून होई. १७९९ सालीं लुई-निकोला रोबेर यानें कागदाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. पुढें असलीं यंत्रें युरोपभर पसरलीं, वर्तमानपत्रें वाढलीं, शाळा वाढल्या, आणि चिंध्यांची मागणी इतकी वाढली कीं त्यांच्या निर्यातीवर कित्येक देशांनीं बंधनें घातलीं. चिंध्यांसारखीच गोष्ट हाडांची. स्वयंपाकघरांतून बाहेर फेकलेल्या हाडांपासून गुंड्या होत, सरस होई, आगकाड्यांना लागणारा फॉस्फरस निघे. आणि त्याच हाडांच्या कोळशानें साखर शुद्ध केली जाई. शहराची घाण ही अशा रीतीनें कारखान्यांची खाण होती.

ही खाण खणणाऱ्या लोकांना तेथें 'शिफोनिए', म्हणजे चिंध्या वेंचणारे, असें म्हणत. पाठीवर विणलेली मोठी टोपली, एका हातांत आंकडा, दुसऱ्या हातांत कंदील, अशा वेषांत ते रात्रीं बाहेर पडत आणि घरांसमोर टाकलेले केराचे ढीग उपसत. समाज त्यांना घाणेरडे व संशयास्पद समजे. १८२८ सालीं पोलिसखात्यानें त्यांना नोंदणी करून बिल्ला बाळगण्याची सक्ति केली. त्यांच्यांतही पायऱ्या होत्या. कोणी गल्लोगल्लीं भटकून मिळेल तें वेंची. तर कोणाची ठरलेल्या इमारतींच्या दरवानांशीं बोली असे, आणि तेथील केरावर त्याचाच हक्क चाले. हा हक्क बापाकडून मुलाकडे जाई किंवा पैसे घेऊन दुसऱ्यास विकला जाई. आपल्याकडील वतनाची आठवण व्हावी असाच हा प्रकार होता. या सर्वांच्या वर बसलेला बडा व्यापारी माल वजनावर घेई, आणि नफ्याचा मोठा वांटा त्याचाच असे.

१८३२ च्या वसंत ऋतूंत पॅरिसमध्यें पटकीची सांथ आली. रस्ते त्वरेनें स्वच्छ व्हावेत म्हणून अधिकाऱ्यांनीं केर उचलण्याचें काम एका ठेकेदाराकडे सोंपविलें व त्याच्या गाड्या फिरूं लागल्या. शिफोनिए खवळले. त्यांनीं गाड्या फोडल्या, जाळल्या, आणि दंगा आटोपण्यास अधिकाऱ्यांना शस्त्रबळ आणावें लागलें. या लोकांना रोगराई हवी होती, असें कोण म्हणेल? ते स्वतःच त्या घाणींत राबत होते. परंतु गाडींत पडलेला केर म्हणजे त्यांची हिरावलेली भाकरी होती, आणि तिच्या बदल्यांत त्यांना काय मिळणार हें कोणीं सांगितलेंच नव्हतें.

पन्नास वर्षांनीं हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. सेन प्रांताचा प्रशासक यूजेन पूबेल यानें २४ नोव्हेंबर १८८३ रोजीं हुकूम काढला कीं प्रत्येक घरमालकानें भाडेकरूंसाठीं झांकणाचें पात्र ठेवावें व केर त्यांतच टाकावा. १५ जानेवारी १८८४ पासून हा हुकूम अंमलांत आला. मूळ योजनेंत केराची वर्गवारीही होती : कुजणाऱ्या पदार्थांना एक पात्र, कागद व चिंध्यांना दुसरें, आणि कांच, फुटकीं भांडीं व कालवांच्या शिंपा यांना तिसरें. ओला-सुका कचरा वेगळा करण्याची कल्पना आपल्याला आज नवी वाटते. तिचें वय हें असें आहे. वर्तमानपत्रांतून गहजब झाला, कायदेमंडळांत चर्चा झाली, आणि अखेर तडजोड निघाली कीं गाडी येण्यापूर्वीं शिफोनिएनें पात्र एका कापडावर ओतून हवें तें निवडावें आणि उरलेलें परत भरावें. ज्यांचा दरवानांशीं सलोखा होता ते या व्यवस्थेंत तगले; रस्त्यावर भटकणारे मात्र मागें पडले. त्यांतच दुसरा घाव बसला. फ्रीड्रिख केलर यानें १८४० नंतरच्या दशकांत लांकूड दळून त्याच्या लगद्याचा कागद करण्याची युक्ति काढली होती. शतकाच्या उत्तरार्धांत ती सर्वत्र रूढ झाली आणि चिंध्यांचे भाव कोसळले. पूबेल साहेबांचें नांव मात्र अमर झालें. फ्रेंच भाषेंत केराच्या डब्याला आजही 'पूबेल' म्हणतात. ज्यांची उपजीविका त्या डब्यानें झांकली गेली, त्यांतील एकाचेंही नांव कोणाच्या तोंडीं नाहीं.

आतां आपण आपल्या घरीं येऊं. जुन्या महाराष्ट्रांतील खेड्यांत कांहींच वायां जात नसे, असें आपण अभिमानानें सांगतों, आणि तें पुष्कळ अंशीं खरेंही आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी होई. उरलेलें कापड बोहारणीच्या पदरांत पडून त्याचें भांडें होई. शेणाचें खत व गोवऱ्या होत. मेलेल्या बैलाच्या कातड्याची मोट होई आणि तीच मोट दुसऱ्या बैलांच्या बळावर विहिरीचें पाणी काढी. पदार्थांच्या दृष्टीनें पाहिलें तर हें चक्र जवळजवळ पूर्ण होतें. पण तो मेलेला बैल गोठ्यांतून ओढून कोण नेत असे? तें काम महारांच्या माथीं जन्मानेंच मारलेलें होतें. काम करावयाचें सर्व गांवासाठीं, आणि त्याच कामाच्या नांवानें विटाळ मानून पाणवठ्यापासून दूर ठेवावयाचें तें त्यांनाच! कातडें गांवाला चाले, कातडें काढणारा चालत नसे.

या व्यवस्थेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घाव घातला. १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें भरलेल्या परिषदेंत त्यांनीं आपल्या बांधवांना मृत मांस खाणें व असलीं हीन लेखलेलीं कामें सोडण्याचा उपदेश केला, आणि त्याच वेळीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन करण्यांत आलें. पुढें १९२८ मध्यें त्यांनीं महार वतनाच्या सुधारणेचें बिल मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलें; वतनें रद्द करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडलें. ज्या ज्या गांवीं महारांनीं गुरें ओढण्याचें नाकारलें, तेथें त्यांच्यावर बहिष्काराचें हत्यार उपसलें गेलें. गांवाला त्यांच्या श्रमांची गरज किती होती, हें त्या बहिष्कारानेंच सिद्ध केलें. आणि काम सोडणाऱ्यांनींही हें दाखवून दिलें कीं उत्पन्नापेक्षां माणुसकी मोठी आहे.

तिसरा दाखला पुण्याचा. १९७२ च्या दुष्काळानें मराठवाड्यांतून जीं कुटुंबें पुण्यास आलीं, त्यांतील कित्येक स्त्रियांनीं कचरा वेंचून पोट भरण्याचा मार्ग धरला. त्यांतील बहुसंख्य दलित समाजांतील होत्या. कायद्यानें वतन गेलें तरी घाण मात्र त्याच घरांच्या दारीं येऊन थांबली! १९९० च्या सुमारास प्रौढशिक्षणाचें काम करणाऱ्या मंडळींनीं कांहीं वस्तींत या स्त्रियांना घरोघरचा सुका कचरा वेगळा मिळवून दिला. इतक्यांत एका खासगी व्यावसायिकानें त्याच भागांत गाड्या लावून केर उचलण्यास आरंभ केला. या स्त्रियांनीं त्या गाड्या अडविल्या. १८३२ चें पॅरिस येथें पुन्हा अवतरलें, असें वाटावें. परंतु पुढील गोष्ट निराळी घडली. १९९३ सालीं डॉ. बाबा आढाव यांच्या साह्यानें त्यांनीं आपली संघटना उभारली आणि तिला आपल्याच मालाचें नांव दिलें : 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. महानगरपालिकेची मान्यता असलेलीं ओळखपत्रें मिळालीं, आणि २००८ मध्यें घरोघर कचरा गोळा करण्यासाठीं 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था पालिकेशीं करार करून कामास लागली. भारत सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांचा स्पष्ट उल्लेख आला. बिल्ला पॅरिसमध्येंही होता. पण तो नजर ठेवण्यासाठीं दिलेला होता, आणि हें ओळखपत्र मागून, भांडून मिळविलेलें होतें. दोहोंतील अंतर हेंच या इतिहासाचें सार होय.

तरीही सर्व प्रश्न सुटले, असें म्हणतां येत नाहीं. २००८ च्या जागतिक मंदींत भंगाराचे भाव उतरले आणि त्याचा फटका या कष्टकऱ्यांनाच बसला. त्यांनीं वेंचलेला कचरा पालिकेला वाहून न्यावा लागत नाहीं, म्हणजे तितका खर्च वांचतो. परंतु भाव पडला कीं त्या वांचलेल्या खर्चांतून त्यांची भरपाई करावी, असें कोणाच्या मनांत सहसा येत नाहीं. अनेक थरांच्या वेष्टनासारख्या कित्येक वस्तूंना भंगारांत किंमतच नसते. त्या वेंचण्याची मेहनत मात्र तीच. दुसरीकडे, ज्या दिवशीं कचऱ्यांत मोठा पैसा आहे असें भांडवलवाल्यांना कळतें, त्या दिवशीं तो वेंचणाऱ्याचा राहत नाहीं.

म्हणून चक्रीय अर्थव्यवस्थेचा विचार करतांना किती टन माल परत वापरांत आला, या हिशेबाबरोबर दुसरा एक हिशेब मांडला पाहिजे. काम बदलतांना जुन्या कामगारांना विचारलें गेलें काय? त्यांना नव्या व्यवस्थेंत जागा मिळाली काय? आणि त्यांच्या मुलांना तेंच काम न करण्याची मोकळीक मिळाली काय? हा शेवटचा प्रश्न महाडनें आपल्याला घातलेला आहे, आणि सोयीच्या वेळीं तोच आपण प्रथम विसरतों. पुण्याच्या संघटनेनें सदस्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा आग्रह धरला, तो याच जाणिवेनें.

उद्यां सकाळीं आपल्या दारीं कचरा घेण्यासाठीं जी बाई येईल, तिच्या हातीं ओला व सुका केर निराळा करून द्या. पूबेलनें १८८३ मध्यें सांगितलेली ती गोष्ट आहे. ती अंगवळणीं पडण्यास एवढा काळ पुरेसा व्हावा. आणि फुटकी कांच कागदांत नीट गुंडाळून द्या. त्या केरांत प्रथम हात जातो तो तिचा.